दूरशिक्षणातले अंतर कोणापासूनचे?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, थेरपिस्ट, समाजसेवक आणि वृद्धसेवा केंद्रांचे व्यवस्थापक यांच्यासाठी विद्यापीठांनी पदव्युत्तर पातळीचे दूरशिक्षण अभ्यासक्रम चालवावेत का, हा वाद आता बराच जुना झाला आहे आणि जितका जुना होतो आहे तितका अधिक एकसुरी होतो आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, शुश्रूषा ही माणसाच्या सान्निध्यात, हाताने आणि नजरेने शिकण्याची विद्या आहे. ती संगणकाच्या पडद्यावरून कशी येणार? समर्थक उत्तरादाखल आकडे पुढे करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना डिमेन्शिया आहे आणि दरवर्षी त्यात सुमारे एक कोटी नव्या रुग्णांची भर पडते. इतक्या माणसांना सांभाळणारे हात वर्गात बसवून कधी तयार होणार? पहिल्या बाजूच्या डोळ्यांसमोर नवशिका आहे, दुसरीच्या डोळ्यांसमोर गर्दी. हे अभ्यासक्रम ज्याच्यासाठी आखलेले असतात तो या दोहोंत बसत नाही. तो दहा-बारा वर्षे या कामात मुरलेला असतो, आणि म्हणूनच दोन्ही युक्तिवाद त्याला न शिवता बाजूने निघून जातात.

माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. ज्यांचा दिवस आणि पुष्कळदा रात्रही रुग्णाच्या खाटेपाशी जाते, त्यांच्या प्रगत अभ्यासासाठी दूरशिक्षण हा नाइलाजाने पत्करायचा दुय्यम पर्याय नसून सर्वांत योग्य मार्ग आहे. त्याचे कारण स्वस्ताई किंवा सोय हे नव्हे. विद्यार्थी आपल्या कामावरून हलत नाही, त्यामुळे ते कामच अभ्यासाचे साहित्य होऊ शकते, हे त्याचे कारण आहे. जो अभ्यासक्रम ही संधी वापरत नाही, व्हिडिओ दाखवून आणि बहुपर्यायी प्रश्न विचारून प्रमाणपत्र हाती ठेवतो, त्याच्यावरची सगळी टीका मला मान्य आहे. किंबहुना ती पुरेशी कडक होत नाही, अशी माझी तक्रार आहे.

पोहणे पुस्तकातून शिकता येत नाही, हा दाखला या चर्चेत इतक्या वेळा येतो की, तो देणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो: जो रोज आठ तास पाण्यातच असतो, त्याला आणखी पाणी देऊन काय शिकवणार? घास भरवताना हनुवटी किती झुकवावी, घाबरलेल्या माणसाशी कोणत्या बाजूने आणि किती सावकाश बोलायला जावे, हे पडद्यावरून नीट शिकता येत नाही, हे खरेच आहे. पण ते प्राथमिक प्रशिक्षणाचे काम आहे, आणि तिथे सान्निध्याला पर्याय नाही असे मीही म्हणेन. प्रगत अभ्यासाला येणाऱ्या माणसाकडे हातांचे ज्ञान असते. त्याला उसंत मिळालेली नसते ती आपले हात जे करतात ते का करतात, हे तपासण्याची. उलट त्याला दोन वर्षे कामावरून उठवून दूरच्या विद्यापीठाच्या वर्गात बसवले, तर अंतर वाढते कोणापासून? रुग्णापासूनच. दूरशिक्षणात विद्यार्थी विद्यापीठापासून लांब राहतो. यातले कोणते अंतर अधिक घातक, हे सांगायला नको.

यावर अधिक गंभीर आक्षेप असा की, इतका अनुभव असलेल्याला पुन्हा अभ्यास हवाच कशाला? वर्षानुवर्षांची सेवा हीच त्याची पदवी नव्हे का? अनुभवाविषयीचा हा आदर मनापासूनचा असतो, पण वृद्धशुश्रूषेचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या गरीब-निराधारांच्या आश्रयगृहाचा दवाखाना ताब्यात घेतला, तेव्हा मार्जोरी वॉरेन या डॉक्टरबाईंच्या वाट्याला ७१४ जुनाट रुग्ण आले. बहुतेक वृद्ध, बरेचसे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. पक्षाघात झालेले, स्मृती गेलेले आणि निव्वळ निराधार, सगळे वॉर्डांत सरमिसळ ठेवलेले. त्यांची निगा राखणाऱ्यांना अनुभव कमी नव्हता. मात्र तो अनुभव त्यांना एवढेच शिकवत आला होता की, असे रुग्ण झोपूनच असतात. वॉरेनबाईंनी प्रत्येकाला तपासले, वेगळे निदान केले, गट पाडले, व्यायाम आणि पुनर्वसन सुरू केले, आणि त्यांतले कित्येक उठून चालू लागले, काही घरी गेले. रुग्ण झोपून होते कारण त्यांना झोपवून ठेवले होते, ही गोष्ट रोज त्यांच्याजवळ असणाऱ्यांना दिसली नव्हती. नुसते सान्निध्य डोळे उघडते असे नाही. पुष्कळदा ते डोळ्यांना सवय लावते.

हा जुना काळ झाला असे म्हणून सुटका नाही. वृद्धांना पट्ट्यांनी खुर्चीला बांधून ठेवले म्हणजे ते पडत नाहीत, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावरच उभी होती. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने अशा बांधण्यावर निर्बंध आणले, पट्ट्यांचा वापर झपाट्याने घटला, आणि भाकीत केलेली गंभीर इजांची लाट काही आली नाही. औषधांची गोष्ट याहून बोलकी आहे. डिमेन्शियाचा रुग्ण ओरडतो, हात उगारतो, रात्रभर फिरतो. त्याला अँटिसायकॉटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरचे, औषध दिले की शांत होतो. हे प्रत्येक रात्रपाळीने स्वतः पाहिलेले असते. ब्रिटनमध्ये २००९ साली सरकारसाठी झालेल्या पाहणीने अंदाज मांडला की, डिमेन्शियाचे सुमारे १,८०,००० रुग्ण वर्षभरात ही औषधे घेतात, त्यांपैकी फार तर ३६,००० जणांना थोडाफार लाभ होतो, आणि या औषधांमुळे वर्षाला सुमारे १,८०० अधिकचे मृत्यू होतात. हे मृत्यू कोणत्याही एका वॉर्डातून दिसण्याजोगे नव्हते. एका केंद्रात वर्षाकाठी एखादा वृद्ध पक्षाघाताने गेला, तर त्याचा संबंध तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या गोळीशी कोण जोडणार? ते जोडण्यासाठी आपल्या वॉर्डाबाहेर जाऊन हजारो रुग्णांकडे पाहावे लागते, आणि त्यालाच अभ्यास म्हणतात. ल्युई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर याच औषधांनी रुग्ण एकाएकी ताठरतो, गुंगीत जातो, प्रसंगी दगावतो. रात्री भास होतात म्हणून औषध सुरू केले जाते, आणि भास होणे हेच त्या आजाराचे लक्षण असते.

याची दुसरी बाजूही आहे. नॉर्वेतील शुश्रूषागृहांत ३५२ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. डिमेन्शियामुळे चिडचिडे, आक्रमक झालेल्या या माणसांपैकी एका गटाला आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक उपचार दिले. त्यांतल्या बहुतेकांना साधे पॅरासिटामॉलच दिले होते. त्या गटातली अस्वस्थता लक्षणीय घटली. ज्याला ‘दुखते’ हा शब्द सापडत नाही तो मनुष्य ओरडतो, आणि आपण त्याच्या ओरडण्यावर औषध देतो. हे वाचलेली परिचारिका दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर, ज्या रुग्णाचा ‘स्वभावच तापट’ असे सगळे म्हणतात त्याला कूस बदलताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. वाचणे आणि पाहणे यांच्यात एका रात्रीचेही अंतर नसते. दूरशिक्षणाचे सामर्थ्य मला तरी इथे दिसते.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा खरे तर पडद्याविषयीचा नाहीच. तो असा की, या कामात जे खरोखर मोलाचे आहे, म्हणजे संयम, कळवळा, समोरच्याचे माणूसपण न विसरण्याची वृत्ती, ते कोणत्याही परीक्षेत मोजता येत नाही. आणि पदव्या आल्या की जे मोजता येते त्यालाच महत्त्व येते. हा युक्तिवाद ज्यांना नवा वाटतो त्यांनी परिचारिकांच्या नोंदणीचा वाद आठवावा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक या परिचारिकाबाईंनी परिचारिकांची अधिकृत नोंदणी आणि समान परीक्षा यांची मागणी लावून धरली, तेव्हा तिला सर्वांत ठाम विरोध कोणी केला? साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. १८६० साली परिचारिकांची शाळा स्थापन करणाऱ्या बाईंना शिक्षणाचे वावडे नव्हते. चांगली परिचारिका ही शीलाने ओळखावी, परीक्षकांपुढे उत्तरे देऊन ती सिद्ध होत नाही, अशी त्यांची धारणा होती. आणि एका अर्थी त्या बरोबरच होत्या. न्यूझीलंडने १९०१ साली आणि ब्रिटनने १९१९ साली नोंदणीचा कायदा केला; त्या नोंदवहीने कोणाचा कळवळा मोजला नाही, वाढवलाही नाही. तरी ती नोंदवही पुसून टाकावी असे आज कोणी म्हणत नाही. कारण तिने वेगळेच काम केले: परिचारिकेच्या शब्दाला वजन दिले, आणि जी हे काम शिकलेली नाही तिला नोंदणीकृत परिचारिका म्हणवून घेण्यापासून रोखण्याचा आधार दिला.

डिमेन्शियाच्या शुश्रूषेत नेमके हेच वजन कमी पडते. रुग्णाला चोवीस तास पाहणारी व्यक्ती आणि त्याच्याविषयी निर्णय घेणारी व्यक्ती या बहुधा वेगळ्या असतात. ‘कालपासून त्या वेगळ्याच वाटतात’ हे वाक्य काळजीवाहक उच्चारते आणि ते हवेत विरून जाते. तीच गोष्ट ‘दोन दिवसांत लक्ष टिकण्यात चढउतार आहे, दुपारी गुंगी आहे, लघवीचे प्रमाण घटले आहे, हा डिमेन्शिया वाढल्याचा प्रकार नसून डिलिरियम, म्हणजे एकाएकी आलेला संभ्रम, असावा, संसर्गाची तपासणी करावी’ अशी मांडली गेली, की डॉक्टरला थांबावे लागते. दोन्ही वाक्यांमागचे निरीक्षण एकच आहे. चांगुलपणा मोजता येत नाही म्हणून ज्ञानही नको, असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की, चांगल्या माणसाला गप्प ठेवून रुग्णाचा कोणता फायदा होतो?

आता दूरशिक्षणाने खरोखर काही साधते का, हा पुराव्याचा प्रश्न. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ साली हेपटायटिस-सी या आजारासाठी एक व्यवस्था उभी केली. तज्ज्ञ शहरात होते, रुग्ण आडगावांत आणि तुरुंगांत. अरोरांनी रुग्णांना शहरात आणले नाही; तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना नियमितपणे व्हिडिओवर एकत्र बसवले. प्रत्येकाने आपल्याकडचा खरा रुग्ण मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, तज्ज्ञांनी मत द्यायचे, आणि पुढच्या खेपेला त्याच रुग्णाचे काय झाले ते सांगायचे. २०११ साली ४०७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि दूरच्या २१ ठिकाणी ५८.२ टक्के. या आकड्यांचा मोह मला आवरायला हवा, कारण हेपटायटिस बरा झाला की रक्त तपासून कळते. डिमेन्शिया बरा होत नाही आणि चांगल्या शुश्रूषेची रक्ततपासणी निघालेली नाही. त्यामुळे तिथले यश इथे जसेच्या तसे उतरेल असा दावा करता येणार नाही. मात्र शिकण्याची ती रीत उचलण्यासारखी आहे: आपला रुग्ण, इतरांचे प्रश्न, पुन्हा तोच रुग्ण.

समर्थकांनीही आपली गफलत दुरुस्त करायला हवी. सर्वांसाठी खुला असलेला परिचयवर्ग आणि प्रगत अभ्यास यांना ते एकाच मापाने मोजतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाच्या विकिंग केंद्राने २०१३ साली डिमेन्शियावर सुरू केलेला खुला ऑनलाइन वर्ग जगभरच्या हजारो लोकांनी केला, आणि अशा वर्गांच्या मानाने तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच राहिले; घरी आई-वडिलांना सांभाळणाऱ्यांसाठी तो उपकारकच आहे. पण प्रगत अभ्यासाचे काम निराळे. लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाल्यापासून प्रत्येक कुटुंब विचारते, ‘हे आमच्या वडिलांना का देत नाही?’ त्या औषधाच्या चाचणीत अठरा महिन्यांनंतर औषध घेणारे आणि न घेणारे या दोन गटांतला फरक अठरा गुणांच्या मापावर ०.४५ एवढाच होता, तो सौम्य अवस्थेतल्या रुग्णांत होता, आणि मेंदूला सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणे हे धोके त्यासोबत होते; हे समजून घेऊन, आशा न मारता, कुटुंबाला सांगणे ही प्रगत अभ्यासाची परीक्षा आहे. किंवा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचे २०२४ मधले विधान घ्या: चौदा जोखमी (ऐकू कमी येणे ही त्यांतली एक) दूर करता आल्या तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. हे विधान संपूर्ण लोकसंख्येविषयी आहे. ते एकट्या रुग्णाला लावले की मुलीला वाटते, बाबांना वेळीच श्रवणयंत्र दिले असते तर हे झाले नसते. आकडा खरा असतो, अपराधाची भावना निराधार असते, आणि दोहोंतला फरक समजावणारा मनुष्य त्या क्षणी तिच्यासमोर असावा लागतो.

शिकून कामाची रीत बदलते, हे मात्र गृहीत धरता येणार नाही, आणि हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. एकटी परिचारिका उत्तम निबंध लिहून वॉर्डात परतते. तिथे सकाळी नऊच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकण्याचा नियम तसाच असतो, माणसे तितकीच कमी असतात, आणि महिनाभरात तीही जुन्या वळणावर येते. नुसत्या प्रशिक्षणाचा परिणाम विरून जातो, हे या क्षेत्रात वारंवार दिसले आहे. ब्रिटनमध्ये ६९ शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात रुग्णांचे जीवनमान सुधारले आणि अस्वस्थता घटली. तिथे प्रत्येक केंद्रातल्या निवडक कर्मचाऱ्यांना शिकवून सोडून दिले नव्हते, नऊ महिने त्यांच्या पाठीशी मार्गदर्शक उभे होते. सुधारणा माफक होती, पण होती. यावरून दूरशिक्षण निरुपयोगी ठरत नाही. एकट्याने घ्यायचे दूरशिक्षण दुबळे ठरते. एका केंद्रातून किमान दोघांना प्रवेश द्यावा, व्यवस्थापकाची लेखी हमी असल्याशिवाय कोणालाच देऊ नये, आणि पदवीचा शेवटचा टप्पा म्हणजे आपल्या ठिकाणची एक रीत बदलून तिचा हिशेब मांडणे असावा. तो बदल फसला तरी चालेल. का फसला हे प्रामाणिकपणे लिहिले तर पूर्ण गुण द्यावेत.

वेळेचा आणि पैशाचा प्रश्न थोडक्यात निकाली निघतो, कारण त्यावर विरोधकांचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. ‘आपल्या सोयीने शिका’ या जाहिरातीचा व्यवहारातला अर्थ रात्रपाळीनंतर, स्वतःच्या खिशातून, झोप मोडून शिका असाच होतो. आणि या कामात बहुसंख्य स्त्रिया असल्याने घरकामही त्यात मिळवावे लागते. दुसऱ्यांच्या थकव्यावर उभे राहिलेले शिक्षण मला तरी समर्थनीय वाटत नाही. आठवड्यातले काही तास पगारी अभ्यासाचे म्हणून पाळीच्या तक्त्यात लिहिले जाणार नसतील, तर मालकांनी कर्मचाऱ्यांच्या पदव्या माहितीपत्रकात मिरवू नयेत. शिकलेल्यांना खाटेपासून उचलून टेबलामागे बसवण्याची खोडही त्याच मालकांची आहे. तिचा दोष अभ्यासक्रमाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

ज्या मुद्द्यावर दोन्ही बाजू मौन पाळतात तो मला सर्वांत अवघड वाटतो. काम हेच अभ्यासाचे साहित्य, असे मी म्हटले. म्हणजे रुग्ण हे अभ्यासाचे साहित्य झाले. त्याचे कपडे काढताना रडणे, त्याने मुलीला न ओळखणे, त्याचे रात्रीचे शब्द हे सारे एका निबंधात जाणार, अनोळखी शिक्षक आणि सहाध्यायी ते वाचणार. अर्थपूर्ण संमती देण्याची त्याची क्षमता ओसरलेली आहे. नाव बदलून भागत नाही, कारण वीस खाटांच्या केंद्रात माजी रेल्वे इंजिनचालक एकच असतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही रुग्ण शिकण्याचे साधन होतातच, पण तिथली चर्चा बहुधा भिंतींच्या आत राहते. इथे ती फाइल होऊन दुसऱ्या देशातल्या संगणकावर जाते. संमती कुटुंबाकडून घ्यावी, शिवाय प्रत्येक वेळी रुग्णाच्या चेहऱ्यावरची नाराजीही नकार म्हणून मोजावी, एवढे तर झालेच पाहिजे. त्यापुढे जाऊन विद्यापीठांनी प्रश्नाचा रोखच बदलावा. ‘तुमच्या रुग्णाविषयी लिहा’ असे न सांगता ‘त्या रात्री तुम्ही काय ठरवले, कशाच्या आधारावर, आणि आज त्यातले काय बदलाल’ असे विचारावे. मग निबंधात उघडा पडतो तो लिहिणारा. आणि ती संमती देण्याची क्षमता त्याच्याकडे शाबूत असते.